हौदात पाणी राहतं

हौदात : माशाचा एक खवला, तेलाचा तवंग, सिगारेटचं थोटूक.

थोटूक माझ्या दिराचं, महादचं. तोच कापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीने पाणी उपसतोय. बोटीच्या मागच्या फळीला मोटार लटकलेली असते आणि तिच्या अलीकडे हा उथळ हौद. फळीवरून लाट आत आली तर इथे अडायची, तळाच्या दोन भोकांतून परत समुद्रात जायची. हौदाला दुसरं काम नाही. आणि नवी मोटार बसवल्यापासून तो तेवढंही करत नाही.

"वहिनी, बघत काय उभी राहिलीस? दुसरी बाटली आण."

मी म्हटलं, समुद्र उपसायला काढला आहेस का? तर म्हणाला, बायकांना मोटारीतलं काय कळतं. मी बाटली आणून दिली.

हौदात : भात.

म्हणजे आमचं दुपारचं जेवण. ते तिथे कसं गेलं, ते सांगते.

सुफैला गोळा करायला बंदी होती, ती या मोसमापुरती उठली. हा शिंपला खडकाच्या पोटाला असा चिकटून बसतो की श्वास रोखून, हात घालून, सळईने उचकटावा लागतो. आमच्याकडे ते काम बायकाही करतात, आणि आमच्या घरात बायकाच करतात. जवळचे खडक गावाने केव्हाच ओरबाडले आहेत. उरली ती कड्याखालची खाडी. तिथे डोंगर सरळ पाण्यात उतरतो, पायवाट नाही. बोट असेल तर खाडी, नाहीतर चहा पीत घरी बसा.

माझी सासू तुफूल हिने निम्म्या गल्लीला बुडी मारायला शिकवलं. आता तिचे गुडघे गेलेत. जमिनीवर ती म्हाताऱ्या सांडणीसारखी डुलत चालते, पाण्यात मात्र अजून कोणाला सापडत नाही. बंदी उठल्याचं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की हे गुडघे पुढच्या मोसमाचा भरवसा देत नाहीत. म्हणजे या वेळी खाडी नाही, तर तिला पुन्हा कधीच नाही.

म्हणून मोसमाआधी एकदा बोट चालवून बघायला निघालो. महाद मधोमध सुकाणूच्या चाकापाशी उभा. आम्ही बायका त्याच्या पाठीमागे, हौदाला टेकून : तुफूल, मी, शेजारची बखीता, टोपल्या, थर्मास, भाताचं पातेलं. बायका मागेच बसतात. ओल्या कपड्यांनी पाण्यातून वर यायचं, ओढणी पिळायची, केस पिळायचे. पुरुषाने पुढे बघावं आणि त्याच्या पाठीमागे बायकांनी काय ते आवरावं. हे तुफूलच्या सासूपासून चालत आलंय, तेव्हा बोटी लाकडाच्या होत्या आणि मोटार एका माणसाच्या खांद्यावरून घरी जायची.

महादने वेग कमी केला. बोटीमागून धावत येणारी लाट फळीवर चढली. त्याच वेळी भोकांतून पाणी वर उसळलं, खालून, नळ उघडावा तसं. हौद भरला. जिथून मोटारीच्या वायरी आत जातात त्या छिद्रातून पाणी बोटीच्या पोटात शिरलं. पातेलं कलंडलं.

किनाऱ्यावर उतरल्यावर तुफूलने चपला हातात घेतल्या.

"माझ्या घरातली एकही बाई या बोटीत बसणार नाही."

"आणि तू, आई?"

"मी काय घरातली बाई नाही?"

हौदात : पाणी, पाणी, पाणी.

महादने भोकांत चिंध्या गुंडाळलेल्या खुंट्या ठोकल्या. खालून येणारं पाणी थांबलं. मग तुफूलच्या नकळत मला आणि बखीताला घेऊन एक फेरी मारली. वरून आलेलं पाणी आता जायलाच तयार नाही. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं ते हौदात ऐसपैस बसलं, बखीताच्या पाठीवर हिंदकळत. ती त्याला म्हणाली, शाबास, आधी गळकी बोट होती, आता न्हाणीघर झालं, साबण तेवढा राहिला.

तो तिच्याशी दोन दिवस बोलला नाही. खुंट्या मात्र उपटल्या.

हौदात : भाताचं एक शीत. वाळलेलं.

महाद एकटाच जाळं टाकून परत आला होता. मी गुडघाभर पाण्यात, बोटीच्या मागे, टोपल्या खंगाळत होते. शीत हौदाच्या तळाला चिकटलं होतं, आणि ते कोरडं होतं. हे मी आधी पाहिलं आणि मग विचार केला. लाटा याच, मोटार हीच, भोकं उघडी. मग भोकांकडे पाहिलं. पाण्याच्या वर होती, चांगली चार बोटं.

बखीता तिचा राहिलेला थर्मास शोधायला आली. बोटीत चढली आणि सवयीने आपल्या नेहमीच्या जागी टेकली.

भोकं पाण्याखाली गेली. हौदात बुडबुडा आला.

"उठ," मी म्हटलं.

उठली. भोकं वर आली.

"बस."

"काय गं, मला वजनाचा काटा समजलीस?"

"बस ना, बाई."

बसली, शिव्या घालत. बुडबुडा. मग मी तिला पार पुढे, बोटीच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसायला सांगितलं. ती गेली, आणि हौदात आलेलं पाणी दोन्ही भोकांतून गुळगुळ करत बाहेर पडलं, माझ्या पोटरीवर.

जुनी मोटार हलकी होती, तेव्हा आमचं मागे बसणं बोटीने चालवून घेतलं. नवी जड आहे. तिच्याशेजारी आम्ही सगळ्या.

हौदात : पाहिलं नाही. घरी होतो.

तुफूलने सगळं ऐकून घेतलं. आल्याचा चहा गार होऊ दिला.

"म्हणजे आम्ही पुढे बसायचं. त्याच्या तोंडासमोर."

महाद म्हणाला, पेट्रोलचे डबे पुढे नेतो, बर्फाची पेटी नेतो, आई, तेवढ्याने भागेल. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं, कारण बोलताना तो चटईकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "आणि तुम्ही पुढे बसलात तर मी बघायचं कुठे?"

तुफूल उठली, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि आत जाऊन निजली. मला वाटलं, संपलं.

हौदात : धूर.

मोसमाचा पहिला दिवस. उजाडता उजाडता तुफूल लोबाणाचं धूपपात्र घेऊन किनाऱ्यावर आली. मोसमाआधी बोटीला धूर देतात, नेहमी मागून सुरुवात करतात. तिने मोटारीला दिला, हौदाला दिला. मग बोटीची कड धरून पाण्यातून पुढे चालत गेली. नेहमी चढायची ती जागा आली, गेली. नाळेपाशी ती थांबली.

"हात दे."

महादने हात दिला. तिने वर चढून बैठक मारली, त्याच्याकडे पाठ करून, तोंड समुद्राकडे.

"तू दगड बघ," ती मागे न वळता म्हणाली. "आमच्याकडे बघितल्याने बोट फुटायची नाही. वर येताना मी हाक मारेन, तेव्हा मान फिरव."

बखीता म्हणाली, मोटारीच्या धुराशिवाय आपल्याला मळमळायला लागेल. आणि तुफूलमागोमाग तीच आधी पुढे जाऊन बसली.

हौदात :

खाडीच्या तोंडाशी महादने वेग कमी केला. मागची लाट आली, फळीवर चढली, हौदात उतरली. तिला मी वळून पाहिलं. ती तिथे फिरली, थोडा फेस, एक शेवाळाचा धागा, आणि भोकांकडे गेली. खालून काही आलं नाही. महादने बाटली उचलून धरली होती, ती तशीच हातात राहिली.

तुफूलने पाहिलं नाही. आजवर खाडीला जाताना आम्ही फक्त गाव लहान होताना बघितलं होतं, मागे बसून. आता कडा समोरून वर येत होता, त्याच्या पायथ्याशी पाणी आधी काळं, मग हिरवं, मग इतकं नितळ की खालचे खडक मोजावेत.

"असं येतं होय हे," ती म्हणाली.

मी तिला सांगणार होते, की हौद रिकामा झाला. पण तिने ओढणीची गाठ मारली होती, सळई कमरेला खोचली होती. महाद नांगर शोधत होता.

"आई, थांब, अजून—"

ती पाण्यात गेली होती. नाळ हलकी होऊन जराशी वर आली.