कृष्णकांत परत काहून आला

कृष्णकांत वझलवारचं पत्र आलं तेव्हा आनंदराव गजभिये जेवायला बसला होता. पाकिटावरचं अक्षर त्याने ओळखलं, पाकीट ताटाशेजारी ठेवलं आणि आधी जेवण संपवलं. तेरा वर्षांनी आलेलं पत्र आणखी दहा मिनिटं थांबू शकत होतं.

"कोणाचं हाय?" पुष्पलताने विचारलं.

"कृष्णाचं."

पुष्पलता शाळेत शिकवायची. लग्न चौऱ्याहत्तरचं, म्हणजे बँड मोडल्यानंतरचं. पण हे नाव तिला माहीत होतं. तिने पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं. कॉलेजला यंदा, पंच्याऐंशीच्या डिसेंबरात, पंचवीस वर्षं होत होती. माजी विद्यार्थ्यांना जुना 'कोलफील्ड' बँड पुन्हा ऐकायचा होता. तू, मी, रविंद्र, पूर्वीसारखे तिघं. तालीम दर रविवारी दुपारी रविंद्रच्या माडीवर. शेवटी एक ओळ होती: उत्तर पत्रानेच दे, ट्रंक कॉल करू नको.

"ट्रंक कॉल काहून नको?" पुष्पलता म्हणाली. "माणूस तोंडानं बोलाले भेला की कागद पाठवते."

आनंदरावच्या मनातही तेच आलं होतं.

सत्तर साली तिघं एकोणीस-वीस वर्षांचे होते. कृष्णकांत नागपूरच्या महाल भागातला, कारकुनी करत आलेल्या घरातला, गिटार वाजवायचा. रविंद्रच्या वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. तो बेस गिटार वाजवायचा आणि गायचा. आनंदराव इंदोऱ्याचा, त्याच्याकडे ड्रम. तेव्हा शहरातले बाकीचे ग्रुप गोड, नाचायची इंग्रजी गाणी वाजवत. या तिघांनी एका बंद पडलेल्या टॉकीजचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मिळवला. त्याच्या स्पीकरचा कागद फाटलेला होता. गिटारची तार छेडली की त्यातून गुरगुर निघायची. रविंद्र म्हणाला, दुरुस्त करू. कृष्णकांत म्हणाला, खबरदार, हात लावशील तर.

त्या गुरगुरीला साजेसा ठेका आनंदरावने दिला. संथ, जड, दोन ठोक्यांच्या मधे माणसाला श्वास धरून ठेवायला लावणारा. त्याला तो कुठून आला हे विचारावं लागलं नव्हतं. त्याचा बाप धोंडबा काटोलकडच्या गावात डफडं वाजवायचा. दुसऱ्यांच्या लग्नात, दुसऱ्यांच्या मयतीत, बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर त्याने डफडं खाली ठेवलं आणि पुन्हा कधी उचललं नाही. पोराने ड्रम धरले तेव्हा महिनाभर तो त्याच्याशी बोलला नव्हता. मग एकदा दाराबाहेर उभा राहून ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "हात तं तोच हाय."

त्यांच्या एका धुनेला त्यांनी नाव ठेवलं होतं 'खाण'. पुढे परदेशी मासिकांतून असल्या वाजवण्याला हेवी मेटल म्हणतात हे आनंदरावने वाचलं. विलायतेतल्या कारखान्यांच्या गावातली पोरंही त्याच सुमारास तसंच वाजवत होती म्हणे. वाचून त्याला आनंद झाला होता आणि रागही आला होता.

कारण बहात्तरच्या मार्चमध्ये मुंबईला स्पर्धा होती. जायच्या आठ दिवस आधी कृष्णकांतने येऊन सांगितलं, स्पर्धा रद्द झाली. महिन्याभराने आनंदरावला एका मासिकात स्पर्धेचा फोटो दिसला. कृष्णकांत, रविंद्र, आणि ड्रमवर कोणीतरी अनोळखी. त्याने विचारलं नाही. कृष्णकांत मुंबईलाच राहिला, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवू लागला. रविंद्र रस्त्यात दिसला तर आनंदराव मान हलवायचा, थांबायचा नाही.

"जाऊ नका म्हणत नाही," पुष्पलता म्हणाली. "पण डोळे उघडे ठेवून जा."

पहिल्या रविवारी तो इतवारीत गेला. खाली दुकानात पाणी भरायच्या पितळी गुंडांच्या उतरंडी, वर लाकडी फळ्यांची माडी. रविंद्र आता पोट सुटलेला, दुकानाचा मालक. त्याने आनंदरावला मिठी मारली आणि लगेच नजर खाली केली. कृष्णकांत खिडकीशी उभा होता. केस पातळ झालेले. तो हसला, पण काही बोलायच्या आधी आनंदरावच्या तोंडाकडे बघत राहिला, जणू तिथे काही लिहिलेलं आहे.

"केव्हा आला गा?" आनंदरावने विचारलं.

"बरा आहे मी," कृष्णकांत म्हणाला. "तू कसा आहेस?"

हे उत्तर नव्हतं. आनंदरावने ते मनात ठेवलं.

तालमीआधी कृष्णकांतने जमिनीवरची सतरंजी गुंडाळायला लावली. चपला काढल्या आणि अनवाणी, ड्रमच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. "तू आधी सुरू कर," म्हणाला. पूर्वी तो कधी कोणाला आधी सुरू करू द्यायचा नाही. वाजवताना त्याची नजर गिटारवर नव्हती, आनंदरावच्या हातांवर होती. अडीच तास. मधेच रविंद्रने काही सुचवलं तर त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मोठा माणूस झाला ना मुंबईत," जिना उतरताना रविंद्र कुजबुजला. "आपलं कशाले ऐकते?"

"तू तं त्याच्यासंगं गेला होता," आनंदराव म्हणाला. रविंद्र भराभर उरलेल्या पायऱ्या उतरून गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या रविवारी आनंदरावने पाहिलं की विश्रांतीच्या वेळी कृष्णकांत एका वहीत काहीतरी लिहितो. तो पाणी प्यायला गेला तेव्हा आनंदरावने वही उघडली. पानावर पान, वर 'आ.' असं अक्षर आणि खाली रेघा, आकडे, बाण. 'खाण'च्या प्रत्येक ठोक्याची खूण. पावलं वाजली तशी त्याने वही मिटली.

घरी येऊन त्याने पुष्पलताला सांगितलं. "माझा हात लिहून नेऊन राहिला तो. तिकडं कोण्या मुंबईच्या पोराले वाजवाले देईन. रेकॉर्ड काढीन."

"विचारलं का?"

"मांगच्या वेळी विचारलं नाही. या वेळी विचारतो."

तिसऱ्या रविवारी तो मुद्दाम लवकर गेला. रविंद्र खाली गिऱ्हाइकात होता. माडीवर कृष्णकांत एकटाच, पाठमोरा, खिडकीतून हातगाड्यांची गर्दी बघत होता. आनंदराव जिन्याच्या तोंडाशीच थांबला.

"कृष्णा, त्या वहीत काय लिवून राहिला?"

कृष्णकांत हलला नाही.

"तुले विचारून राहिलो मी! पुन्हा फसवाले आला का?"

नाही. मानसुद्धा वळली नाही. आनंदरावची कानशिलं तापली. तेवढ्यात खाली दुकानात उतरंड कोसळली. दहा-बारा पितळी गुंड एकावर एक आपटत, गडगडत रस्त्यापर्यंत गेले. आनंदराव दचकून भिंतीला टेकला. रस्त्यावर लोक ओरडले, एक बैल बुजला. कृष्णकांत शांतपणे उभा होता. मग बहुधा फळीला बसलेला हादरा तळव्याला लागला असावा. त्याने आधी पायाकडे पाहिलं, मग मागे वळला आणि आनंदरावला बघून हसला.

"अरे, तू आलास? आवाज नाही दिलास."

आनंदराव जवळ गेला. त्याच्या तोंडासमोर उभा राहून, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाला, "तुले ऐकू येत नाही."

कृष्णकांतचं हसू गेलं. तो गिटारच्या पेटीवर बसला.

"उजवा गेला त्याला चार वर्षं झाली," तो म्हणाला. "डाव्यात थोडं उरलं आहे, तेही समोर बोललं तर. स्टुडिओत दोनदा चुकीच्या जागी वाजवलं. तिसऱ्यांदा बोलावलंच नाही कोणी. रविंद्रला माहीत नाही. कोणालाच नाही."

त्याने वही पुढे केली. आनंदरावने आता ती नीट वाचली. 'डावा खांदा वर, तीन मोजायचे, मग मोठा ठोका. हनुवटी खाली म्हणजे बदल.' सगळी वही त्याच्या शरीराने भरली होती.

"मग वाजवाले काहून आला? नागपूरच काहून?"

"कारण तुझा ठोका पायातून चढतो. बाकी कोणाचा चढत नाही. एकदा शेवटचं वाजवायचं होतं यार."

आनंदराव उभाच होता. एक संशय फिटला होता, पण खालचा, जुना, तसाच होता. "आणि बहात्तर साली?"

कृष्णकांतने त्याच्या ओठांवरून नजर काढली. ती परत आणायला त्याला वेळ लागला.

"खोटं बोललो. रविंद्रला सांगितलं, तू नाही म्हणालास. मला वाटलं, मुंबईत हसतील. तुझं वाजवणं मला..." तो अडखळला. "मला डफडं वाटायचं. तिथे एक पोरगा भेटला, साफ वाजवायचा. स्टेजवर उभे राहिलो आणि पाच मिनिटांत कळलं की धुनेत काहीच उरलं नाही. पहिल्या फेरीतच बाहेर."

"डफडंच होतं ते," आनंदराव म्हणाला. एकेक शब्द सुटा, स्पष्ट, समोरच्याला वाचता येईल असा. "माझ्या बापानं सोडलं, कारण त्याले वाजवाले लावत होते. मी वाजवतो, कारण मले वाजवायचं हाय. हा फरक तुले कळला का?"

"आता कळला."

"आता तुले गरज हाय म्हणून कळला."

कृष्णकांतने वही परत घेऊन मिटली. खालून रविंद्र हसत वर आला, म्हशीने उतरंड पाडली म्हणाला. आनंदराव ड्रममागे जाऊन बसला. कृष्णकांतने डोळ्यांनी विनंती केली. रविंद्रला आनंदरावने काही सांगितलं नाही.

पण त्या आठवड्यात त्याची झोप उडाली. हा माणूस खरं बोलतो तेव्हाही स्वतःच्या कामापुरतंच बोलतो, असं त्याला वाटत राहिलं. पुष्पलता म्हणाली, "खरं वाटत नसंन तं नका वाजवू." तो म्हणाला, "बहिरेपण खरं हाय वं. बाकीचं पाहू."

कार्यक्रम दुपारी चार वाजता, कॉलेजच्या मैदानावर होता. तिघं पोचले आणि कृष्णकांत स्टेजवर चढला. चप्पल काढून त्याने पाय टेकवला. त्याचा चेहरा उतरला. स्टेज पक्क्या सिमेंटचं होतं. ठोका त्यातून चढणार नव्हता.

"परत जाऊ," तो पुटपुटला.

"माझ्याकडं तोंड करून उभा राहा," आनंदराव म्हणाला. "लोकाईकडं पाठ. नजर हलवू नको."

'खाण' सुरू झाली. लोकांकडे पाठ करून उभा राहिलेला गिटारवाला बघून कुजबुज झाली. मग त्या फाटक्या स्पीकरसारखी गुरगुर मैदानावर पसरली आणि कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी कानावर हात ठेवले. मागची पोरं उभी राहिली. रविंद्रचा आवाज जाड झाला होता, पण तो जाडपणा शोभत होता. चार मिनिटं सगळं नीट चाललं.

मग एक उत्साही कार्यकर्ता हार घेऊन स्टेजवर आला आणि नेमका दोघांच्या मधे उभा राहिला. फोटोवाल्याला त्याने हात केला. कृष्णकांतला आनंदराव दिसेना. तो तरी वाजवत राहिला, पण ठेका सोडून पुढे निघाला. रविंद्र घाबरून मागे बघू लागला. लोकांत कोणीतरी हसलं.

आनंदरावने हात थांबवले.

स्टेजवर आता एकटी गिटार होती, भरकटलेली, आणि वाजवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. आणखी थोडं थांबायचं होतं, बस. सगळं मैदान हसलं असतं. मुंबईत हसतील म्हणून ज्याला मागे ठेवलं, त्याला काहीही न करता फिटंफाट करता आली असती. आनंदरावला ते गोड वाटलं. पुढे त्याने पुष्पलताजवळ कबूल केलं की चांगलंच गोड वाटलं.

त्या क्षणी त्याला कृष्णकांतची नुसती पाठ दिसली असती, तर कदाचित तो तसाच थांबून राहिला असता. पण कार्यकर्ता जरा सरकला आणि त्याला चेहरा दिसला. कृष्णकांत त्याला शोधत होता, मेळ्यात हात सुटलेल्या माणसासारखा.

आनंदराव उठला. मोठा उभा ड्रम त्याने दोन्ही हातांनी उचलला, कार्यकर्त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि ड्रम कृष्णकांतच्या पुढ्यात, गिटारपासून हातभर अंतरावर ठेवला. उभ्यानेच ठोका दिला. एक. थांबला. पुन्हा एक. कृष्णकांतने डोळे त्याच्या खांद्यावर रोवले, तारा दाबून आवाज बंद केला, तीन मोजले आणि बरोबर ठोक्यावर परत आला. लोकांना वाटलं हे ठरवूनच होतं. टाळ्या पडल्या.

स्टेजमागे रविंद्रने आनंदरावला गाठलं. "काय झालं गा मधात? मले काहून कोणी काही सांगत नाही? तवाबी नाही, आताबी नाही."

"त्याले विचार," आनंदराव म्हणाला. "समोर उभा राहून विचार." रविंद्रने विचारलं, आणि त्याला प्रथमच कळलं, बहिरेपणाचंही आणि बहात्तरचंही. तो पायरीवर बसून बराच वेळ कपाळ चोळत राहिला.

"मी बाहेर किती होतो?" कृष्णकांतने आनंदरावला विचारलं.

"बरंच. अन् मी थांबलो होतो. मुद्दाम."

कृष्णकांतने मान हलवली. त्याला ते ओठांवरून नीट वाचता आलं होतं.

तो मुंबईला परत गेला नाही. जानेवारीत त्याने प्रताप नगरात एक खोली घेतली. आनंदराव त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने यंत्र दिलं, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. रविंद्रने त्याच्याशी दोन महिने अबोला धरला, मग माडीची किल्ली स्वतःच आणून दिली. रविवारी दुपारी तिघं वाजवू लागले. ऐकायला कोणी नसायचं, शेजारच्या धान्यवाल्याच्या तक्रारी तेवढ्या असायच्या.

"आता तरी भरोसा बसला का त्याच्यावर?" पुष्पलताने एकदा विचारलं.

आनंदराव चपला घालत होता. "नाही," तो म्हणाला. "पण वाजवताना तो माझ्यावरून नजर हटवत नाही. अन् मी त्याच्यावरून." आणि उशीर होतोय म्हणून तो निघाला.