बुधवारची चांदणी

काट्यावर चढताना ह्यांनी पोट आत घेतलं.

"अहो, पोट आत घेऊन वजन कमी होत नाही," मी म्हटलं.

"सवय," हे म्हणाले.

काटा चौऱ्याण्णवावर थांबला. गेल्या गुरुवारी चौऱ्याण्णव, त्याच्या आधीच्या गुरुवारीही चौऱ्याण्णव. श्रावणापासून कार्तिक उजाडला तरी शे-दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे तेच चाललं होतं.

वैशाखात हे अठ्ठ्याण्णव किलो होते. गुडघ्याचं ऑपरेशन अठ्ठ्याऐंशीच्या वर करणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमच्या अवनीने, म्हणजे लेकीने, स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता चिकटवला. "आई, टारगेट मोठं नको ठेवू. हफ्ते में आधा किलो, बस," ती म्हणाली. रोजच्या चार चौकटी होत्या: चालणं, गोड, तळलेलं, बाहेरचं. रात्री निजण्याआधी हे स्वतः खुणा करायचे. आषाढापर्यंत चार किलो उतरले आणि गाडी तिथेच अडली.

मला काय हवं होतं ते सांगते. रामघाटावर राहून चाळीस वर्षं रोज पहाटे गंगेत बुडी मारणारा हा माणूस आता मोरीत बादली घेऊन बसायचा आणि नळाच्या पाण्याला गंगा म्हणायचा. घाटाच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज आला की मला रडू यायचं. ह्यांना पुन्हा पायऱ्या उतरताना पाहायचं होतं, एवढंच.

आणि तक्ता तर चोख होता. गोड नाही, तळलेलं नाही, बाहेरचं नाही. वर दर बुधवारी रात्री हे स्वतःहून जेवण सोडायचे. मी कौतुकाने बुधवारच्या चौकटीत चांदणी काढायची.

मी तीस वर्षं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काढली आहेत. कॉपी पकडणाऱ्या पथकात होते. ज्या पेपरात एकही खाडाखोड नसते, तो मी आधी बाजूला काढायची. एका गुरुवारी तक्त्यासमोर उभी असताना माझं तेच जुनं डोकं चालू झालं.

"बाहेर काही खाता का हो?"

"नाही," हे म्हणाले, आणि पोथी उघडून बसले.

आमचे हे, नरहर वैदिक, खोटं बोलत नाहीत. मंत्रातला एक स्वर खाली-वर झाला तर हे पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. म्हणून तर संशय जास्तच आला. गल्लीच्या तोंडाशी कचोरीवाला आहे, त्याला जाऊन विचारलं.

"गुरुजी? अरे माताजी, ऊ त बैसाख से हमरे दुकान के सामने मुँह फेर के निकलत हैं," तो म्हणाला. गिऱ्हाईक तोंड फिरवून जातं, याचं त्याच्या बोलण्यातलं दुःख खरं होतं.

मग मी ह्यांचं उपरणं हुंगलं. हो, हुंगलं. बुधवारच्या उपरण्याला तळणाचा वास होता आणि जायफळाचाही.

पुढच्या बुधवारी बाराला हे उपरणं घेऊन निघाले. मी मागून. गुडघेदुखीच्या माणसाचा पाठलाग करणं फार अवघड असतं. हे चार पावलं टाकून थांबायचे, की मला बांगड्यांच्या दुकानात शिरावं लागायचं. दोनदा शिरले, दुसऱ्यांदा तर डझनभर विकत घ्याव्या लागल्या. हे पंचगंगा घाटाच्या बाजूला वळले आणि शरदिनीमावशींच्या दारात शिरले.

घाटावरच्या आमच्या जुन्या ओळखीच्या शरदिनीमावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचा एकुलता मुलगा मुकुल रेल्वेत होता, आषाढात गेला. एकेचाळिसाव्या वर्षी, ड्यूटीवर असतानाच. त्या मागे एकट्या उरल्या.

दार उघडंच होतं. आत हे पाटावर बसले होते. समोर पत्रावळीवर वडे, गव्हल्यांची खीर, आमसुलाची चटणी. मावशी भिंतीला धरून उभ्या होत्या.

"घ्या गुरुजी. मुकुलला तिसऱ्या वड्यानंतर खरी भूक लागायची," त्या म्हणत होत्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पितरांच्या नावाने जेवलेला ब्राह्मण त्या दिवशी पुन्हा जेवत नाही. हे मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून जाणते. आणि त्याच न जेवलेल्या रात्रींना मी चांदण्या देत होते!

ह्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि पत्रावळीवर हात आडवा धरला.

"तृप्त," हे म्हणाले.

मावशींचा चेहरा पडला. "एवढ्यात? पोट भरलं का हो त्याचं?"

ह्यांनी नजर पत्रावळीकडे वळवली. खोटं बोलता येत नाही ना.

मावशींना मी दिसले. "प्रमोदिनी, बरं झालं आलीस गं. माझा हात थरथरतो, खीर सांडते सगळी," त्या म्हणाल्या आणि खिरीचं पातेलं माझ्या हातात दिलं.

मी आले होते भांडायला. पातेलं हातात घेऊन उभी राहिले. ह्यांचा हात अजून पत्रावळीवरच होता. मावशी माझ्याकडे बघत होत्या, परीक्षेच्या हॉलबाहेर थांबलेल्या आया पेपर सुटल्यावर बघतात तशा.

"हात काढा," मी ह्यांना म्हटलं आणि दोन पळ्या खीर वाढली. नंतर दोन वडेही वाढले.

घरी परतताना अर्धी वाट सरली. मग मीच तोंड उघडलं.

"चार महिने 'बाहेरचं नाही' म्हणून खुणा करताय."

"मी कुठे खाल्लं? ते मुकुलने खाल्लं," हे म्हणाले. अगदी गंभीरपणे.

"आणि चरबी?"

"ती माझ्याकडे ठेवून जातो."

मला हसू आलं आणि रागही आला. "शास्त्रात दर बुधवार आहे का?"

"शास्त्रात महिन्याचं आहे. तो बुधवारी गेला, म्हणून मावशी बुधवार धरून बसल्यात."

"मग दुसऱ्या कोणाला पाठवा. घाटावर काय ब्राह्मण कमी आहेत?"

हे एका ओट्याला टेकले. गुडघा चोळत म्हणाले, "माणूस गेल्यावर वर्षाच्या आतलं जेवण आहे, प्रमोदिनी. तिघांना विचारलं होतं. कोणी बसायला तयार नाही. अशुभ मानतात. तुला सांगितलं असतं तर तूही जाऊ दिलं नसतंस."

खरं होतं. नसतंच जाऊ दिलं.

त्या रात्री मी तक्त्यात पाचवा रकाना आखला. वर लिहिलं, 'मुकुल'. खाली लिहिलं, 'वडे पाच, खीर दोन वाट्या'. अवनीच्या 'अर्धा किलो'वर काट मारली आणि 'पाव किलो' केलं. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं, ते पुढच्या पावसाळ्यावर गेलं. "आई, ये क्या है? कोण मुकुल?" अवनीने विचारलं. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने तक्त्याचा नवा कागद पाच रकान्यांचाच छापून आणला.

मग दर बुधवारी मी वाढायला जाऊ लागले. कधी पाच वडे, कधी तीन. मावशी मुकुलचं सांगायच्या आणि हे त्याच्या वाटचं जेवायचे. इतर सहा दिवस मी ह्यांना वाढीव पोळी दिली नाही. काटा अडखळत अडखळत खाली येत होता. ज्येष्ठाअखेर एकोणनव्वदवर आला.

आषाढात वर्षश्राद्ध झालं. शेवटचा वडा वाढून झाल्यावर मावशींनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"आता तो वडिलांच्या, आजोबांच्या पंगतीला बसला. त्याला वेगळं वाढायला नको. तुमचे फार उपकार झाले, गुरुजी," त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी बाराच्या सुमारास हे उठले, खुंटीवरचं उपरणं घेतलं, दारापर्यंत गेले. तिथे थोडा वेळ थांबले. मग परत येऊन उपरणं खुंटीला लावलं. मी भाजी निवडत होते. रात्री हे दोन पोळ्या जेवले. चांदणीची चौकट मोकळी राहिली, मुकुलचा रकानाही.

गुरुवारी सकाळी काटा काढला. ह्यांनी चढताना पोट आत घेतलं नाही.

"सत्याऐंशी आठशे," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीच्या खाली आले होते, आता डॉक्टरांना फोन करायचा होता. मी पेन शोधून आणलं, आकडा लिहिला, मागे वळून पाहिलं. हे अजून काट्यावरच उभे होते, खुंटीवरच्या उपरण्याकडे बघत.