मास्तरांची साखर

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न त्यांच्या बायकोने विचारले. तेही सर्जनबाईंना नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना.

"यांना झोपवणार तुम्हीच ना?"

"हो काकू."

"मग साखर उतरली तर तुम्हाला कळणार कसं? मला घरी कळतं. यांचा टाका वाकडा जायला लागला की मी शिलाई मशीन थांबवते आणि तोंडात साखर कोंबते. वर बोलणी खाते ती वेगळीच."

"मी कधी बोललो?" मास्तर खाटेवरून म्हणाले.

"ऐकलंत ना? आता खोटंही बोलतायत."

डॉक्टर हसले. "आम्ही सारखं रक्त तपासत राहतो, काकू."

काकूंचं समाधान झालेलं दिसलं नाही, आणि त्यांची भीती काही चुकीची नव्हती. साखर उतरली की जाग्या माणसाला घाम फुटतो, हातपाय कापतात, तो काहीतरी बोलतो. भूल दिलेला माणूस कुणाला सांगणार? त्याचा मेंदू आतल्या आत उपाशी राहतो आणि बाहेरून सगळं शांत दिसतं. वीस वर्षं हे काम करूनही डॉक्टरांना याच शांततेचा धाक वाटायचा.

सकाळी ऑपरेशन सुरू झालं. मास्तरांचं रक्त हृदयाऐवजी मशीनमधून फिरायला लागलं. ते मशीन चालवणाऱ्याला सगळे पंपवाला म्हणत. हृदय स्थिर राहावं म्हणून सर्जनबाईंनी त्यात पोटॅशियमचं थंडगार पाणी सोडलं आणि हृदय गप्प झालं.

मास्तरांची साखर मात्र गप्प बसणारी नव्हती. अंगावर एवढा घाव पडला, वर मशीनचा थंडावा, की मधुमेह्याची साखर चढायचीच. ती दोनशेच्या वर गेली. डॉक्टरांनी इन्शुलिन थेंबाथेंबाने चालू केलं आणि साखर एकदम कोसळू नये म्हणून जोडीला मानेतल्या नळीतून थोडं ग्लुकोज.

"अहो भूलवाले, तुमचं इन्शुलिन पायी येतंय का?" सर्जनबाईंनी मान वर न करता विचारलं. "साखर वाढलेली असली की माझ्या जखमा पिकतात. मग लोक मलाच नावं ठेवतात."

"येतंय हो, मॅडम. वाटेत जरा दम खातंय."

पंपवाला मास्कच्या आत फिसकन हसला.

पुढच्या तपासणीची वेळ झाली. नेहमी मनगटातल्या नळीतून रक्त घ्यायचं, पण मास्तरांचं मनगट कुठेतरी दुमडलं होतं आणि रक्त येईना. बाईंनी पुन्हा टोमणा मारला, "आकडा आला का हो? का पोस्टाने येणार आहे?" डॉक्टरांनी घाईने मानेतल्या नळीतून रक्त ओढलं आणि पाठवून दिलं.

रिपोर्ट आला. साखर सातशे चाळीस.

"बाप रे," सिस्टर म्हणाल्या.

"सातशे?" बाईंचे हात थांबले. "चांगला मोठा डोस द्या. आत्ताच्या आत्ता."

सिस्टरनी इन्शुलिनची सिरिंज भरून पुढे केली. डॉक्टरांनी ती घेतली. नळीचं टोक दुसऱ्या हातात होतं. नुसतं दाबायचं होतं. पण मघाशी दोनशे तीस असलेली साखर एवढ्या वेळात सातशेवर कशी जाईल? रेल्वेसुद्धा इतकी धावत नाही. त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. हिमोग्लोबिन थोडं खाली होतं, पोटॅशियम थोडं खाली, कॅल्शियम थोडं खाली. सगळंच थोडंथोडं पातळ झालेलं. साखर तेवढी एकटी आभाळाला टेकलेली.

त्यांनी मानेच्या नळीकडे पाहिलं. ग्लुकोज चालूच होतं. ते बंद न करताच त्यांनी रक्त ओढलं होतं. शिकाऊ मुलांना ते पहिल्याच दिवशी हेच बजावत, की ग्लुकोज आधी बंद कर, पहिलं रक्त फेकून दे आणि मगच घे.

त्यांची कानशिलं तापली.

"मॅडम, ही मास्तरांची साखर नाही. बाटलीतली आहे. चूक माझी. ग्लुकोज चालू असताना मीच सॅम्पल घेतलं."

त्यांनी सिरिंज नळीपासून दूर घेतली.

"पंपावरून दुसरं घेऊ. तोवर एक थेंबही जास्त द्यायचा नाही."

पंपवाल्याने मशीनच्या नळीतून रक्त काढून दिलं. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टर सिरिंज हातात धरून नुसते उभे होते.

साखर दोनशे सव्वीस. पोटॅशियम पाचच्या वर, मघासारखं पातळ नाही.

"हं," सर्जनबाई म्हणाल्या आणि पुन्हा टाके घालू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "घाई मीच लावली होती तुम्हाला."

"लावली होतीत. पण हात माझा होता."

मास्तरांचं हृदय परत चालू झालं आणि मग खरी कसरत सुरू झाली. इन्शुलिन साखरेला पेशींत नेताना पोटॅशियमलाही बरोबर ओढतं, आणि भरभरून होणाऱ्या लघवीतूनही ते वाहून जात होतं. पोटॅशियम घसरत गेलं. मॉनिटरवर मधेच एखादा ठोका वाट चुकल्यासारखा यायला लागला. डॉक्टरांनी पोटॅशियम अगदी हळू सुरू केलं. मास्तरांचं मनगट सरळ करून पट्टी बांधली आणि प्रत्येक सॅम्पल तिथूनच, स्वतःच्या हाताने घेतलं. हळूहळू ठोके रांगेत आले. त्या मोठ्या डोसने काय झालं असतं, याचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

संध्याकाळी मास्तर जागे झाले. घशातली नळी निघाली होती. काकू खाटेशी उभ्या होत्या.

"मी कोण?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी बराच वेळ बघितलं. मग खरखरत्या आवाजात म्हणाले, "एवढं झोपवूनही सुटका नाही का?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून डॉक्टरांना म्हणाल्या, "डोकं ठिकाणावर आहे."

"आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नवा रिपोर्ट काकूंना वाचून दाखवला. साखर एकशे साठ, पोटॅशियम सव्वाचार.

"म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं, काकू."

"मग बसा की जरा. सकाळपासून उभे आहात म्हणे."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले.