पिठात बुडवलेलं हाड

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. पत्र्याचा, बोटभर उंच, हाडाच्या आकाराचा. हसा, हसा! पहिल्यांदा बघणारे सगळेच हसतात. पण मी कुत्र्याची बिस्किटं कापणारा साचा, मग काय फुलपाखरासारखा असू?

माझा जन्म एका डब्याच्या झाकणातून झाला. पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे एक पोरगी धापा टाकत आली. "आजोबा, हाडासारखा साचा करून द्या ना!"

"कुणाला हाडं खायचीत गं?"

"आमच्या गठुड्याला. पण खरी नाही, रताळ्याची."

"रताळ्याला हाडं? सत्तरी उलटली माझी, हे नव्हतं ऐकलं!" असं म्हणत त्यानं पट्टी कापली, ठोकून वाकवली, दोन टोकं एकमेकांवर दुमडून शिवण घातली, आणि झालो की मी तयार!

घरी माणसं दोनच, पोरगी आणि तिचे बाबा. तिसरं ते गठुडं. पिल्लू असताना जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलेलं, म्हणून हे नाव. पण मी आलो तेव्हा त्याची दशा बघवत नव्हती हो. मानेवरचे केस गेलेले, पोटावर लाल चट्टे, आणि दिवसभर खरर खरर खाजवणं चाललेलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं, "धान्य बंद. गव्हाचा तर कणसुद्धा पोटात जायला नको." आणि बाबांनी पोरीला त्याहून कडक सांगितलेलं, "दोन महिने बघू. नाहीतर त्याला आत्याकडे सोडायचं. मी दिवसभर कामावर, तू शाळेत. रक्त येईपर्यंत खाजवतं ते, आवरणार कोण त्याला?"

आत्याचं घर म्हणजे गाडीनं अख्ख्या दिवसाची वाट. पोरीनं सरळ रताळी उकडायला टाकली.

दर रविवारी आमचा कारखाना सुरू व्हायचा. उकडलेली रताळी सोलून कुस्करायची, त्यात एक अंडं, खोबऱ्याचा बारीक चुरा, आणि गोळा दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटायचा. हे सगळं पोरगी करायची. मग कापायचं काम बाबांचं, कारण बाबा पावाच्या भट्टीवर कामाला. वीस वर्षं झाली. काय तो हात! टप, टप, टप, एकाला एक लागून हाडं पडायची, मधला चिमूटभर गोळासुद्धा वाया जायचा नाही. "ह्या साच्याला धार आहे हं," असं बाबा म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचो.

पण मित्रांनो, आता ऐका. रताळ्याचा गोळा चिकट. साच्याला चिकटतो. आणि भट्टीवरच्या माणसाला साचा चिकटू नये म्हणून काय करायचं हे कुणी सांगावं लागत नाही. बाबांचा हात आपसूक बाजूच्या डब्यात जायचा. मी पिठात बुडायचो, बाहेर यायचो, टप. पुन्हा बुडायचो, टप. कसलं पीठ? घरच्या चपात्यांचं. गव्हाचं!

मी ओरडलो नसेन का? अहो, पण पत्र्याचं तोंड ते! फक्त कापायला उघडं. पोरगी तेवढ्यात ताटाकडे पाठ करून गठुड्याला धरून बसायची, नाहीतर ते ताटात तोंड घालायचं. ती एकेक जिन्नस मोजूनमापून निवडायची, दुकानदाराला दहा वेळा विचारायची "ह्यात गहू नाही ना?", आणि शेवटच्या क्षणी तोच गहू माझ्या कडेला बसून तिच्या कुत्र्याच्या पोटात जायचा. आणि मी, सगळं माहीत असलेला एकटा मीच, मुका.

पाच आठवडे गेले. चट्टे तसेच.

मग एका रविवारी मला धुऊन-बिऊन न घेता कुणीतरी घाईत चमच्यांच्या खणात टाकलं. खण आधीच गच्च भरलेला. पोरीनं तो जोरात ढकलला आणि मी मागच्या बाजूनं घसरून खाली पडलो, खण आणि भिंतीच्या सांदीत. अंधार. पाठीला भिंत, छातीला लाकूड. कुणी चमचा काढला की श्वास घ्यायला जागा मिळायची, खण लोटला की पुन्हा चिरडायचो. माझ्यामुळे खण बोटभर उघडा राहायचा.

"लाकूड फुगलंय," बाबा म्हणायचे.

"फुगलंय कसलं! तुम्हीच चमचे कोंबलेत," पोरगी म्हणायची. "आणि माझा साचा कुठे गेला?"

मला शोधलं हो त्यांनी, कपाटाखाली, टोपल्यांमध्ये, गठुड्याच्या अंथरुणातसुद्धा. शेवटी पोरीनं ओल्या हातांनी गोळा चपटा केला आणि सुरीनं वेडेवाकडे तुकडे पाडले. सुरी कुणी पिठात बुडवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात अंधारात मला आवाज आला. "बाबा! मानेवर केस! इथे बघा, हात लावून बघा!"

मी आनंदानं वाजलो असतो, पण वाजायलाही जागा नव्हती. आणि मला सांगा, मी काय मागायचं? सापडलो की पुन्हा डबा, पुन्हा पीठ. नाही सापडलो तर जन्मभर ही सांद. इकडे आड, तिकडे विहीर! मी ठरवलं, पडून राहायचं. ठरवलं म्हणजे काय, दुसरं करता तरी काय येत होतं!

पण दोन महिन्यांच्या मुदतीतल्या शेवटच्या रविवारी बाबा वैतागले. "ह्या खणाचा सोक्षमोक्षच लावतो आज!" त्यांनी अख्खा खण उपसून काढला आणि हात आत घातला. "अगं ए, हा बघ तुझा फरार!"

पोरगी नाचत आली. लाटलेला गोळा समोरच होता. "द्या कापून, बाबा! आज नीट हाडं खाऊ दे त्याला!" बाबांनी मला फुंकर मारली, डब्याचं झाकण काढलं...

"थांबा, साच्यात काहीतरी अडकलंय." पोरीनं मला ओढून घेतलं. शिवणीत पांढरं, वाळून खडीसारखं झालेलं काहीतरी होतं. तिनं नखानं खरवडलं, जिभेला लावलं. "बाबा, हे पीठ आहे. रताळ्याच्या बिस्किटांच्या साच्यात पीठ कुठून आलं?"

बाबांचा दुसरा हात तेव्हा मनगटापर्यंत डब्यात होता.

मग बाबांनी तो हात बाहेर काढला, उलटसुलट करून बघितला, जणू शेजाऱ्याचाच हात. "दर वेळी?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. "मी... दर वेळी?" आणि खालीच बसले. गठुडं लगेच तो हात चाटायला धावलं. बाबांनी तो झटकन उंच धरला. "नको रे राजा, ह्याला गहू लागलाय."

पोरीला आधी रडू आलं, मग त्या उंच धरलेल्या हाताकडे बघून हसू आलं. "आत्याला कळवा," ती म्हणाली, "पाहुणा येत नाहीये."

माझी शिवण कितीही घासली तरी कणभर पीठ राहतंच. म्हणून आता मी खिळ्यावर टांगलेला असतो. खाली रविवारी कारखाना चालतो, सुरीवर. सुटका नाही झाली माझी, नुसती जागा बदलली. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. आमच्यासारख्यांना धुताना सांदीकोपरे घासा. आणि जो हात आपसूक चालतो ना, त्याच्याकडे मधूनमधून नीट बघा, कारण आम्हाला दिसतं पण बोलता येत नाही.

गठुडं ते वेडेवाकडे तुकडे मिटक्या मारत खातं आणि शेपूट तेवढंच हलवतं. माझ्या देखण्या हाडांची आठवणही नाही बेट्याला.

नसू दे. केस बघा कसे दाट आलेत.