रिकाम्या झोळीतला अर्धा किलो

मी काटा बोलतोय. सोनाराकडचा नाही, भाजीवाल्याचाही नाही. नवी मुंबईत, महापेला, कंपन्यांच्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या एका वस्तीत अंगणवाडी आहे. तिथे छताच्या हुकाला लटकून मी पोरांची वजनं करायचो. वर गोल तबकडी, खाली कापडी झोळी. झोळीत घातलं की पोर भोकाड पसरायचं आणि माझी सुई थरथरत एका आकड्यावर थांबायची. तो आकडा खरा सांगायचा, एवढंच माझं काम. आज मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मला सूड घ्यायचाय. थोडा घेतलाय. उरलेला तुमच्यासमोर घेतो.

माझ्या पाठीवर ‘शासकीय मालमत्ता’ अशी पट्टी आहे. म्हणजे मला विकत घेतलं ते तुम्ही. पलीकडच्या सोसायटीतल्या गीतांजलीताईंच्या पगारातून कापलेला टॅक्स माझ्यात आहे, तसा वस्तीतल्या गोजरानं साबणाच्या वडीवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर भरलेलाही आहे. कुणाचा किती, ते विचारू नका. स्वतःचं वजन कुठल्या काट्याला करता आलंय?

आमच्या सेविका केशरबाई कामाला चोख. आधी रिकामी झोळी लटकवायच्या, सुई शून्यावर आहे ना बघायच्या, मग पोर घालायच्या. आकडा तक्त्यावर मांडला की कळायचं, पोर हिरव्या पट्ट्यात, पिवळ्या की लाल. लाल पोराला रोज जादा आहार, अंडं, औषध, डॉक्टरांची तपासणी, सगळं सरकारकडून. पण लाल रंगाला भितात सगळेच. आया म्हणायच्या, “बाई, आमच्या बाळाला लाल नका करू हो, लोकं काय म्हणतील?” जशी काही मी नापासाची रेघ मारतोय!

सगळ्यात जास्त भ्यायच्या त्या पर्यवेक्षिका, सरोजिनी मॅडम.

“केशरबाई, तीन लाल? वर उत्तर मला द्यावं लागतं. बाकीच्या सेंटरांचं शून्य आहे.”

“पोरंच तशी आहेत, मॅडम.”

“पोरं नाही, तुमचा काटा तसा आहे. आणा इकडे.”

त्यांनी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं, माझ्या डोक्यावरच्या स्क्रूच्या खाचेत घातलं आणि माझी मान पिरगळली. झोळी रिकामी होती आणि सुई अर्ध्या किलोवर.

“झालं. टेन्शन खल्लास. आणि ते रिकामी झोळी बघायचं नाटक बंद. आधी पोर, मग आकडा. कळलं?”

केशरबाईंना कळलं. मानधनावरची बाई, न कळून काय करणार?

खरं सांगू? सुरुवातीला मला माझाच संशय यायचा. मॅडम शिकलेल्या आहेत, त्या म्हणतात तर आधी मीच कमी दाखवत असेन. माझी स्प्रिंग सैल असेल. कुणी ठासून सांगितलं की चूक आपलीच वाटते, ही खोड मला लटकून लटकून लागली असावी. मग पुढच्या महिन्यात बघतो तर वस्तीतल्या एकाही घरात घासभर अन्न वाढलेलं नाही, आणि एकही पोर लाल नाही. जादा आहाराची मागणीही बंद. त्या दिवशी माझा संशय संपला आणि राग सुरू झाला.

त्या महिन्यात ईश्वरी माझ्या झोळीत आली. गोजराची लेक, तेरा महिन्यांची, सातव्या महिन्यात जन्मलेली. रडतानाही ती दमून जायची. खरं वजन सहा किलो शंभर. म्हणजे लाल. मी बोललो सहा किलो सहाशे. म्हणजे पिवळी. केशरबाईंनी कार्डावर आकडा लिहिला आणि गोजराकडे न बघता कार्ड दिलं. गोजरा मात्र हरखली. “सहा किलो सहाशे! ह्यांना सांगते. नवस फेडायचाय.”

गोजरा आणि तिचा नवरा धनाजी साताऱ्याकडचे. तो वाशीच्या मार्केटात माथाडी. पोरगी इस्पितळात काचेच्या पेटीत होती, तेव्हा दोघांनी देवीला बोललं होतं, जगली तर तिची गूळतुला करू. आता तुला करायची तर तराजू लागतो, आणि गूळ आधी आणावा लागतो. धनाजीनं कार्ड खिशात घातलं, मार्केटात इलेक्ट्रॉनिक काट्यावर बरोबर सहा किलो सहाशे ग्रॅम गूळ तोलून घेतला आणि कांद्याच्या व्यापाऱ्याकडची तागडी मागून आणली. कार्डावर सरकारचा शिक्का. त्याच्यावर कोण शंका घेतो?

रविवारी वस्तीतल्या देवळात काय झालं, ते मी गोजराच्या तोंडून ऐकलं. एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात ईश्वरी. गुळाचं पारडं खाली गेलं ते वर येईना. बायका कुजबुजल्या, देवी नवस घेत नाही. गोजरानं रडून आकांत केला. धनाजी रडला नाही. रोज पोती वाहणारा माणूस, वजनातलं खोटं त्याच्या पाठीला कळतं. त्यानं गुळाचे खडे एकेक करून काढले. पारडी समान झाली, तेव्हा त्याच्या ओंजळीत अर्धा किलो गूळ होता.

दुसऱ्याच दिवशी अंगणवाडीत सत्कार. ‘कुपोषणमुक्त’ झालो म्हणून! गीतांजलीताई पाहुण्या, कडेवर त्यांचं बाळ. त्या म्हणाल्या, “आपला टॅक्स जातो कुठे, असं आम्ही नेहमी विचारतो. आज बघायला मिळालं.” टाळ्या पडल्या. मॅडमना शाल घालणार, एवढ्यात दारात धनाजी, खांद्यावर गुळाची पिशवी, मागे ईश्वरीला घेऊन गोजरा.

“मॅडम, ह्यो गूळ सहा किलो सहाशे. ही मार्केटची पावती. लटकवा तुमच्या काट्याला.”

“अहो, कार्यक्रम चालू आहे. नंतर या.”

“नंतर न्हाई. व्यापारी कदी जादा देत न्हाई मॅडम, म्हंजे गूळ खरा. मग माज्या पोरीतली अर्दा किलो पोर कुटं गेली, तेवडं सांगा.”

“सगळं फुकट मिळतं ना, म्हणून ही भाषा!”

“फुकट? काडेपेटीपासनं रिचार्जपत्तूर टॅक्स भरतोय आमी. आन् आमची पोरं तोलायला खोटा काटा?”

गीतांजलीताईंचा चेहरा उतरला. “एक मिनिट, माझ्या बाळाचं वजनपण ह्याच काट्यावर केलं होतं...” स्वतःच्या पोरावर आलं की माणसं लवकर हलतात. त्यांनी स्वतःच गूळ झोळीत ठेवला.

इतक्या वर्षांत मी कधी इतक्या जोरात बोललो नव्हतो. सात किलो शंभर. सगळ्यांना दिसेल अशी सुई ताठ धरली. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मीही त्यांच्याकडे बघत राहिलो. काय गोड वाटलं म्हणून सांगू!

“काटा बिघडलाय,” मॅडम म्हणाल्या. “केशरबाई, तसं लिहा.”

केशरबाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं. मग गूळ उतरवला, रिकामी झोळी सगळ्यांना दाखवली, त्याच खाचेत नाणं घालून माझी सुई शून्यावर आणली आणि ईश्वरीला आत घातलं. सहा किलो शंभर. त्यांनी लाल पेन मागितलं. गोजरा घाबरून म्हणाली, “बाई, लाल?”

“लालच, गोजरा. लाल केल्याशिवाय तिला अंडं मिळणार नाही. मी दोन महिने तोंड दाबून बसले, माझी जीभ झडायला हवी होती.” आणि त्यांनी रजिस्टरात लाल टिंब दिलं. खाली साक्षीदार म्हणून गीतांजलीताईंची सही.

सगळी पोरं पुन्हा तोलली. पाच लाल निघाली. पाचांनाही आहार सुरू झाला. ईश्वरी आता सात किलोला टेकली, असं माळ्यावर ऐकू येतं.

हो, मी माळ्यावर आहे. मॅडमनी खुलाशात लिहिलंय, ‘काटा आपोआप नादुरुस्त झाला.’ खाली नवा डिजिटल काटा आलाय. माझ्यावर लाल चिठ्ठी चिकटवून मला मोडीत काढायचं चाललंय. मला पुन्हा लटकायची हौस नाही. तुमच्याकडे एकच मागणं. जवळच्या अंगणवाडीत जा, आणि पोर ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

आणि मॅडम, तुम्हाला माफी नाही. सरकारी वस्तू मोडीत काढायची तर आधी तिची तपासणी होते. तपासणारा येईल, मला खाली उतरवेल, सुई शून्यावर बघेल आणि विचारेल, हा बिघडलाय कुठे? तुमचा खुलासा त्याच्या हातात असेल. मी वाट बघतोय.