कोमट फळी

मांजरीची नखं कापायची आइली, म्हणजे रेइनोची बायको. ती खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात पडली आणि ते काम अंगावर पडलेल्या रेइनोच्या हातांवर ओरखडे उमटले. जनावरांच्या डॉक्टरकडे तर तिघांनी धरूनही मिस्सी आवरली नाही.

"तू कशी कापायचीस गं?" त्याने फोनवर विचारलं.

"शनिवारी सॉनाच्या खोलीत वाफ घेऊन झाली की बसायची फळी कोमट असते, तिथे ती पसरते. तू तेव्हा घोरत असायचास, तुला कुठनं कळणार?"

आइली दवाखान्यात गेल्यापासून त्याने सॉना पेटवलाच नव्हता. एकट्यासाठी कशाला लाकडं जाळायची? या शनिवारी मांजरीसाठी पेटवला. आपली वाफ उरकून दार उघडं ठेवलं. मिस्सी आली, फळीवर लोण्यासारखी पसरली आणि एकेक पंजा मुकाट्याने त्याच्या हातात देत गेली.

"झाली कापून," त्याने ऐटीत फोन केला.

"आणि तुझ्या पायांची?"

रेइनोने खाली पाहिलं. पाठ धरल्यापासून तीही आइलीच कापायची.

"वाकता येत नाही."

"मग तशीच ठेव," आइली म्हणाली, "मी येतेय घरी."