फाट्यावरचा दिवा

विमलाबाईच्या धानाच्या बांधीला त्या वर्षी रात्र म्हणून झालीच नाही.

सन दोन हजार पाच. बालाघाट शहरात वीज पाहुण्यासारखी यायची. आली तर कौतुक, गेली तर सवय. पण गणपतीच्या सुमारास बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, जो खांब उभा झाला, तो उन्हावर चालणारा. माथ्यावर काळी काच, तिच्याखाली दिवा. अख्खं शहर अंधारात बुडालं तरी हा लख्ख. आणि एवढा उजेड पाहायला तिथं कोण? बेडकं आणि चिन्नोर.

चिन्नोर म्हणजे सासूनं जपलेलं वासाचं धान. गिरणीवाल्यांना लवकर येणारं जाड धान लागे, म्हणून आजूबाजूच्यांनी चिन्नोर केव्हाच सोडलं. बियाणं उरलं ते विमलाबाईकडे, आणि होतं नव्हतं ते सगळं तिनं या एका बांधीत लावलेलं. दरसाली दसऱ्याला ते निसवायचं, पानांच्या पोटातून लोंबी बाहेर डोकवायच्या. यंदा दसरा आला. धान हिरवंगार, उंच, डौलदार, आणि लोंब म्हणाल तर एक नाही.

"वहिनी, धान लावलं का गवत?" शेजारचा टिकाराम धुऱ्यावरून म्हणाला. "सरकारनं दिवा देल्ला तं रातभर जागून राह्यलं. अभ्यास करत असन!"

"हौ, पुढच्या साली तुह्या जागी त्यालेच बसवीन चावडीवर," विमलाबाई म्हणाली. पण संध्याकाळी ती धुऱ्यावर बसायची आणि लेकराला थोपटावं तसं गुणगुणायची:

नीज माझ्या साळी, रात घे गं काळी,
तुझ्या पोटी दाणा, माझ्या दारी दिवाळी.

वर दिवा भक्क पेटायचा. साळीनं निजावं तरी कसं!

तिच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या सुनीती मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्या एकदा बांधीत उतरल्या, पानं उलटून पाहिली, वर दिव्याकडे पाहिलं.

"मावशी, हा दिवा याला झोपू देत नाही. धान पानांनी रात्र मोजतं. रात्र लांबली की त्याला कळतं, आता लोंब काढायची वेळ झाली. रात्री उजेड पडत राहिला की त्याला वाटतं, दिवस अजून मोठेच आहेत."

"म्हणजे याचा अजून आखाडच चालू हाय?"

"तसंच. आणि असंच राहिलं तर लोंब यायचीच नाही."

लोंब नाही तर बियाणं नाही. सासूनं मरताना दागिना दिला नव्हता, एक पायली धान दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दिवा योजनेच्या ऑफिसात गेली. तिथला इंजिनिअर वीरेंद्र तिच्याच गल्लीत वाढलेला. आता मात्र त्याच्या गळ्यात एक यंत्र लटकत होतं आणि ते तो नव्या नवरीनं मंगळसूत्र मिरवावं तसं मिरवी.

"काकू, जागा चुकूच शकत नाही. सीधे सॅटेलाइटनं दाखवलेली जागा हाय. आभायातून दिसते सगळं."

"आभायातून माही बांधी दिसली, अन् धान नाही दिसलं? चाल, दाखव मले."

तो आला. बांधीत उभं राहून त्यानं यंत्र पाहिलं आणि खुलला. "पाहा! कागदावर जागेचे जे नंबर, तेच इथं. एकदम बरोबर!"

"नंबर घेतले कुठी होते?"

"गिरणीच्या फाट्यावर. दिवा फाट्यासाठीच तर हाय."

"मग फाट्यावर चाल."

फाट्यावर एका बाजूला गिरणीची पत्र्याची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला नव्या लॉजची काच. वीरेंद्रनं यंत्र वर धरलं. यंत्रानं बराच विचार केला आणि सांगितलं की साहेब सध्या लॉजच्या स्वयंपाकघरात उभे आहेत. तो दोन पावलं सरकला. यंत्रानं त्याला वैनगंगेच्या दिशेनं धाडून दिलं.

"ते असं होते कधी कधी," वीरेंद्र घाम पुसत म्हणाला. "सिग्नल पत्र्यावर आपटून येते, काचेवर आपटून येते. रस्ता लांब होते नं, मग यंत्र गडबडते."

"म्हणजे हाक भिंतीवर आपटून आली, तं माणूस भिंतीपलीकडं हाय असं समजते हे?"

"तसंच समजा."

"म्हणजे नंबर फाट्यावर घेतले, अन् यानं माही बांधी दाखवली. मग हलव खांब."

वीरेंद्रनं आजूबाजूला पाहून आवाज खाली केला. "काकू, कागदावर दिवा फाट्यावरच हाय. उद्घाटन झालं, फोटो झाला. फाट्यावरचा दिवा फाट्यावर हलवू कसा?"

"मग माह्या बांधीत काय उभं हाय?"

वीरेंद्रनं हातातला कागद उलटसुलट करून पाहिला. शेवटी म्हणाला, "कागदावर पाहाल तं... काहीच नाही."

"असं? मग जे नाहीच, त्याले मी पोतं घातलं तं तुमचं काही जात नाही."

दिवा झाकायला ती निघालीच होती, पण सुनीती मॅडम हसून म्हणाल्या, "मावशी, दिवा नको, वरची काळी काच झाका. तिच्यावर अंधार पडला की दिव्याला वाटतं रात्र झाली. भर दुपारी जळेल, साठवलेलं सगळं संपवेल, आणि झाकलेल्या काचेला नवं ऊन मिळायचं नाही."

"म्हणजे धानाले जसं याने फसवलं, तसंच याले?"

"तसंच."

टिकारामनं शिडी लावली, टोमणे मारत मारतच गिरणीचं बारदान काचेवर करकचून बांधलं. भर उन्हात दिवा पेटला. नेमकी त्याच दुपारी वरून आलेल्या साहेबांची जीप तिथून गेली. उन्हात दिवा जळताना पाहून साहेब म्हणे फार खूश झाले. इतक्या तत्परतेनं चालणारा दिवा जिल्ह्यात दुसरा नव्हता.

त्या रात्री तो मिणमिणला. दुसऱ्या रात्री डोळा मिटला. बांधीवर काळोख उतरला, मऊ, आजीच्या गोधडीसारखा, आणि विमलाबाई न गुणगुणताच घरी निजायला गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी बांधीच्या मधोमध एक लोंब दिसली. मग दुसरी. टिकारामनं वाकून वास घेतला, आणि मग पुन्हा एकदा वाकून घेतला.

कापणी उशिरा झाली, दाणाही थोडका भरला, पण बियाण्यापुरतं आलं. बांधी रिकामी झाल्यावर विमलाबाईनं शिडी लावून घेऊन बारदान सोडवलं. तिचं काही सरकारशी वैर नव्हतं. त्याच बारदानात बियाणं भरून ती संध्याकाळी घरी निघाली. वाट गिरणीच्या फाट्यावरून जात होती. तिथल्या कागदावरच्या सरकारी उजेडात ठेच लागू नये, म्हणून तिनं हातात कंदील घेतला होता.